पिकलिंग पेस्ट वापरणारे कोणी आहे का इथे? हेल्परचं बोट आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड

मकरपुऱ्याचा मिस्त्री

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर +१ देऊन पळणारा माणूस. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमची छोटी शेड आहे. मी, मेव्हणा, दोन वेल्डर, तीन हेल्पर. स्टेनलेसच्या टाक्या, पाइप, हॉपर, बहुतेक काम औषधवाल्यांचं आणि डेअरीचं. टिग वेल्डिंग (आर्गन गॅसच्या आडोशात विजेने केलेला जोड) झालं की जोडाच्या दोन्ही अंगांना निळा-तपकिरी पट्टा उमटतो. तो घालवायला पिकलिंग पेस्ट ब्रशने फासायची, अर्धा-पाऊण तास ठेवायची, पाण्याने धुवायची. जोड पांढरा स्वच्छ निघतो. आसपासच्या शेडमध्येही हेच चालतं. पेस्टला कोणी अ‍ॅसिड म्हणत नाही. 'सफेदो लाव' म्हणायचं की पोरं लावतात.

गेल्या महिन्यात एका हेल्परच्या हातमोज्याचं बोट फाटलेलं होतं. पातळ मोजे, दवाखान्यात असतात तसले. त्याने तसंच काम केलं, हात धुतला, घरी गेला. रात्री साडेदहाला त्याचा फोन. "शेठ, आंगळी बळे छे." (बोट जळतंय.) मी विचारलं, फोड आलाय का? नाही. लाल झालंय का? नाही. म्हटलं, बर्फ लाव आणि झोप. (हे लिहिताना आत्ताही कसंतरी होतंय.)

रात्री दोन वाजता तो भावाच्या मोटारसायकलवर दारात उभा. चोवीस वर्षांचा दणकट पोरगा हमसून रडत होता. बोट बघितलं तर वरून जवळजवळ काही नाही, फक्त नखाखालचा भाग पांढुरका-राखाडी. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. तासाभरात पुन्हा तेच. मग मेव्हण्याला शेडवर पाठवून डब्याचा फोटो मागवला. मोबाइल मोठा करून करून वाचलं: नायट्रिक अ‍ॅसिड, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड. मोठ्या इस्पितळात तो फोटो दाखवल्यावर ड्यूटीवरची मुलगी, जेमतेम पंचविशीची असेल, एकदम धावायलाच लागली. कॅल्शियमची इंजेक्शनं बोटात दिली. अर्ध्या तासात पोरगा शांत झाला. नख मात्र अर्धं काढावं लागलं.

नऊ वर्षं हा डबा माझ्या शेडमध्ये आहे आणि मी त्यावरचं एकदाही वाचलं नव्हतं. आता विचारायचंय ते हे: पेस्ट बंदच करावी का? आणि बंद केली तर निळा पट्टा घालवायचा कसा? पार्टी तसा जोड घेत नाही.

गिरगावचा गण्या

बाप रे. पोरगा आता कसा आहे?

बारावीत या अ‍ॅसिडवर एकच ओळ होती: काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. एक मार्काला यायची. त्यापलीकडे बोटाचं असं होतं हे कोणी शिकवलं नाही.

सुरसागर

मिस्त्री, मुलगा वाचला आणि बोटही राहिलं, यात तो फोटो मागवायची बुद्धी झाली याचा मोठा वाटा आहे.

मी केमिकल इंजिनियर, आता निवृत्त. आयुष्य सल्फ्युरिकच्या प्लांटवर गेलं, दोन वर्षं मात्र फ्लोरिनच्या कामावर होतो, म्हणून दोन्हींतला फरक हाताला ठाऊक आहे. सल्फ्युरिक हा भांडखोर माणूस. अंगावर पडला की लगेच कळतं, आणि आपण पाण्याखाली पळतो. आमच्या वेळी पँटवर एखादा शिंतोडा उडालेला दिसायचाही नाही. पण घरी ती पँट धुवायला टाकली की बायको बाहेर घेऊन यायची, मांडीवर चाळण! सुती कापड पाण्यात पडेपर्यंत धीर धरायचं आणि मग विरून जायचं. पाच-सहा पँटनंतर तिने कारखान्याचे कपडे वेगळ्या बादलीत टाकायला सुरुवात केली.

हायड्रोफ्लोरिक म्हणजे घरात शिरून गप्प बसणारा. रसायनशास्त्राच्या भाषेत ते *दुबळं* अ‍ॅसिड आहे. मिठाचं (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड पाण्यात जवळजवळ सगळं सुटं होतं, हे होत नाही, रेणू बराचसा अखंड राहतो. आणि तेच वाईट. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो कातडीच्या तेलकट थरातून सहज आत सरकतो. आत गेल्यावर सुटा होतो आणि त्यातला फ्लोराइड सापडेल ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडत सुटतो. रक्तातलं, पेशींतलं, हाडातलं. वरची कातडी शाबूत आणि आत आग, ती म्हणून. कमी तीव्रतेचं असेल तर कळायलाच काही तास जातात. वीस टक्क्यांच्या आतलं असेल तर पार दुसऱ्या दिवसापर्यंत.

निर्जल स्वरूपात ते साडेएकोणीस अंशांना उकळतं. म्हणजे बडोद्यात हिवाळ्यातल्या रात्री-पहाटा सोडल्या तर ते गॅस व्हायला टपलेलंच. टाकी दाबाखाली ठेवावी लागते.

तिरकस

दुबळं, गप्प, कातडी शाबूत, आतून पोखरणारं आणि कळेपर्यंत उशीर झालेला. काका, तुम्ही आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीचं वर्णन केलंत.

दवापाणी

मी डॉक्टर आहे, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम केलंय. मिस्त्री, पहिल्या दवाखान्यावर फार चिडू नका. बोटाला जखम दिसत नाही, माणूस मात्र ओरडतोय, आणि 'सफेदो' म्हणजे काय हे कोणीच सांगत नाही, अशा वेळी ओळखणं खरंच अवघड असतं. ओळखायची खूण हीच: दिसतंय त्याच्या मानाने दुखणं अतोनात.

वर्कशॉपवाल्यांनी एवढं करावं. लागल्याचा संशय जरी आला तरी लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचं, दुखायची वाट बघायची नाही. मोजे, अंगठी, घड्याळ आधी काढायचं. मग कॅल्शियम ग्लुकोनेटचं अडीच टक्क्यांचं जेल चोळायचं, चोळतच राहायचं, दुखणं थांबल्यावरही पंधरा मिनिटं. आणि चोळत चोळतच इस्पितळात जायचं, डबा किंवा त्याचा फोटो बरोबर घेऊन. चोळणाऱ्यानेही मोजे घालायचे. जेल तयार मिळालं नाही तर दहा टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनचा एक भाग आणि पाण्यात विरघळणाऱ्या वंगण-जेलीचे तीन भाग मिसळले की अडीच टक्के होतं. डोळ्यात गेलं असेल तर जेल नाही, फक्त भरपूर पाणी आणि थेट इस्पितळ.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. बोट बधिर करून टाकणं बरं नाही. दुखणं हेच आमचं मीटर. दुखायचं थांबलं म्हणजे कॅल्शियम पुरेसं पोचलं.

आणि हे बोटापुरतं नाही. तीव्र अ‍ॅसिड असेल तर शरीराच्या अडीच टक्के भागावर पडूनही माणसं दगावली आहेत. आपला तळहात बोटांसकट साधारण एक टक्का धरतात, म्हणजे अडीच तळहात. मरण जखमेने येत नाही. रक्तातलं कॅल्शियम खाली येतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. १९९४ साली ऑस्ट्रेलियात पर्थला एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या मांड्यांवर हे सांडलं, दीड-दोनशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन कप चहा. त्याने शेजारच्या पोहण्याच्या तलावात उडी मारली. जेल नव्हतं. पाय कापूनही पंधराव्या दिवशी गेला.

सौ. शेवउसळ

दोन कप चहा वाचून हातातला कप खाली ठेवला.

नांदेसरीतला

घाबरवून सोडू नका राव लोकांना. मी अठरा वर्षं या लाइनीत आहे. पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक चार-पाच टक्क्यांच्या घरात असतं, बाकी नायट्रिक आणि घट्ट करायची पावडर. पर्थवालं प्रकरण आणि आमची पेस्ट यांची तुलनाच नाही. आमच्याकडे कोणाचं बोट गेलं नाही. जाड मोजे घाला, हात धुवा, विषय संपला. प्रत्येक गोष्टीवर 'बंद करा' म्हटलं तर जीआयडीसीला टाळं लावा आणि सगळे मिळून शेव-उसळ विका.

सौ. शेवउसळ

माझ्या पोटावर का पाय देता?

वजनकाटा

नांदेसरीतला, तुमची पेस्ट पाच टक्के आहे हे मान्य. मिस्त्रींचीही तेवढीच असणार, आणि त्या मुलाचं अर्धं नख गेलं. अडचण टक्क्यांची नाही. हाताळणाऱ्याला नाव माहीत नसतं, ही अडचण आहे.

मी सेफ्टीत आहे. एका शेडमध्ये पस्तीस किलोच्या कारब्यातून (मोठ्या कॅनमधून) पातळ पिकलिंग द्रावण पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत काढून ठेवलेलं बघितलंय. लेबल पाण्याचंच. विचारलं तर म्हणे, "सगळ्यांना माहीत आहे." त्याच आठवड्यात लागलेल्या नव्या पोराला कसं माहीत असणार? तीन बाटल्या माझ्यासमोर रिकाम्या करवल्या. चौथी फळीवर होती, चहाच्या डब्याशेजारी.

दक्षिण कोरियात गुमी गावी २७ सप्टेंबर २०१२ ला टँकरमधून निर्जल हायड्रोफ्लोरिक उतरवताना आठेक टन गॅस सुटला. पाच माणसं गेली. कामगारांच्या अंगावर संरक्षक पोशाख नव्हता. गावातली पिकं वाळली, जनावरं आजारी पडली, सरकारला तो भाग आपत्तीग्रस्त जाहीर करावा लागला. तिथेही रोजचंच काम चाललं होतं.

ठसेवाली

थोडं अवांतर. मी बडोद्याच्या फाइन आर्ट्सची, छापचित्रण विभाग. आम्ही पण अ‍ॅसिडमध्येच वाढलो! जस्ताचा पत्रा नायट्रिकच्या ट्रेमध्ये सोडायचा, रेषेवर बुडबुडे धरले की कबुतराच्या पिसाने हळूच बाजूला सारायचे. पीसच का, तर ते ओरखडा काढत नाही. खोकत खोकत ट्रेवर वाकून उभं राहणं म्हणजे आपण मोठे कलाकार असं तेव्हा वाटायचं. एकाने हायड्रोफ्लोरिक आणायचा घाट घातला होता, काचेवर काम करायचं म्हणून. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी त्याला अशा काही शब्दांत हाकललं की ते इथे लिहिता येणार नाहीत. तेव्हा ते काका आम्हाला कलाद्रोही वाटले होते. हा धागा वाचून त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

सुरसागर

ठसेवाली, काका शहाणे होते. काचेचा मूळ घटक सिलिका, आणि सिलिकेला हे अ‍ॅसिड चक्क गॅस करून उडवून लावतं. म्हणून पूर्वी गटापर्चाच्या (रबरासारखा झाडाचा चीक), शिशाच्या बाटल्यांत ठेवत. आता प्लॅस्टिक. स्वीडनच्या शील या माणसाने १७७१ मध्ये फ्लोरस्पार आणि सल्फ्युरिक तापवून हे बनवलं तेव्हा त्याचं काचेचं भांडंच खाल्लं गेलं. पुढे शंभर वर्षं लोक यातून फ्लोरिन सुटा करायच्या मागे लागले, कित्येकांनी प्रकृतीची वाट लावून घेतली, काही जिवानिशी गेले. शेवटी १८८६ साली मोआसाँला जमलं. नोबेल मिळालं १९०६ ला आणि पुढच्याच वर्षी गेला.

खडकाळ

फ्लोरस्पारचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. मंडळी, ते अ‍ॅसिड ज्या दगडातून निघतं तो आपल्या अंगणात आहे! छोटाउदेपूरकडे, कवांट तालुक्यात, आंबाडुंगर. २०१३ पर्यंत तो बडोदा जिल्ह्यातच होता. जवळच कडीपाणीला गुजरात खनिज विकास निगमचा फ्लोरस्पारचा प्रकल्प. कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सहलीत गेलो होतो. सर कार्बोनेटाइट खडकावर तळमळीने बोलत होते, आम्ही जांभळे स्फटिक खिशात कोंबत होतो. एक अजून माझ्या देव्हाऱ्याच्या कपाटात आहे, आई त्याला शाळिग्राम समजून हळदकुंकू वाहते. मी खरं सांगितलेलं नाही.

हा दगड निर्धास्त हातात धरा, काही होत नाही. फ्लोराइड तिथे कॅल्शियमला घट्ट बांधलेला असतो.

तिरकस

म्हणजे देव्हाऱ्यात अ‍ॅसिडची आई बसली आहे.

वाचनमात्र

एक भाबडा प्रश्न. टूथपेस्टमध्ये पण फ्लोराइड असतं ना? आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मावशींनी सकाळीच 'दात घासताना तुम्ही अ‍ॅसिड खाताय' असं पाठवलंय. खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल.

दवापाणी

मावशींना माझा नमस्कार सांगा. टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचा क्षार असतो, दशलक्षात हजार ते दीड हजार भाग, आणि तो दाताचं वरचं कवच टणक करतो. अ‍ॅसिड नाही. लहान मुलांना मात्र वाटाण्याएवढीच द्या आणि थुंकायला शिकवा. पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड गेलं की दात डागाळतात, हाडं ताठरतात. गुजरातेतल्या बोअरच्या पाण्यात हे बऱ्याच ठिकाणी आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

सिलिकॉनचा सदू

मी चिप बनवण्याच्या धंद्यात आहे. आमच्याकडे हायड्रोफ्लोरिकशिवाय पान हलत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडचा थर चढतो, तो नेमका सोलून काढणारं दुसरं इतकं सोयीचं काही नाही. जपानने जुलै २०१९ मध्ये कोरियाला ज्या तीन वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले त्यांत एक हेच होतं, आणि कोरियातल्या चिपवाल्यांची झोप उडाली. धोलेराचा चिपचा कारखाना उभा राहिला की गुजरातेतही त्याची मागणी येणार.

घरात बघाल तर फ्रिज आणि एसीचा गॅस, न चिकटणारा तवा, कितीतरी औषधं (सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नावातच 'फ्लॉ' आहे), अ‍ॅल्युमिनियम वितळवायला लागणारं फ्लोराइड, अणुभट्टीसाठी युरेनियम समृद्ध करताना लागणारा हेक्साफ्लोराइड, सगळ्यांची गंगोत्री एकच. आम्ही पोशाख, दोन थरांचे मोजे आणि तोंडावर ढाल घालून उभे असतो, आणि दर दालनात भिंतीवर ते जेल. मिस्त्रींचा हेल्पर तेच काम फाटक्या मोज्याने करत होता, हे वाचून शरम वाटली.

कारेलीबागकर

बडोद्याचं आणि रसायनांचं नातं जुनं आहे हे विसरू नका. सयाजीरावांच्या काळात १८९० ला कलाभवन निघालं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य. रंग, रसायनं, यंत्र, सगळं शिकवायचे. १९०७ ला अलेम्बिक उभी राहिली त्यात गज्जरांबरोबर त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन होते. पुढे १९६०च्या दशकात कोयलीची रिफायनरी आणि खत कारखाना आला. महाराजांनी पेरलं ते आपण...

तिरकस

...ते आपण नखाखाली घेतलं.

कारेलीबागकर

तुम्हाला कशाचंच काही नाही.

मकरपुऱ्याचा मिस्त्री

कारेलीबागकर काका, मीही कलाभवनाच्या इमारतीतच शिकलो, अभिमान आहेच. पण माझा निळा पट्टा अजून जोडावरच आहे :) उद्या एका डेअरीची टाकी द्यायची आहे.

जोडकाम

मिस्त्री, मी तुमच्याच धंद्यातला, म्हणून जरा सविस्तर.

निळा पट्टा फक्त दिसायला वाईट म्हणून काढत नाहीत. तापल्यामुळे वरती ऑक्साइड जमतं आणि त्याच्या खालच्या पातळ थरातलं क्रोमियम कमी होतं. स्टेनलेस ज्याच्या जिवावर स्टेनलेस आहे, तेच कमी झालं. तो थर राहिला की सहा महिन्यांत जोडाशेजारी गंजाचे ठिपके आणि पार्टीचा फोन. फ्लॅप व्हील (घासायची चकती) मारून चकचकीत केलं तर डोळ्याला बरं दिसतं, पण वरवर मारलं तर तो थर बराचसा तिथेच राहतो, आणि चरे पडतात ते वेगळेच. डेअरीत त्या चऱ्यांत दूध बसतं.

सायट्रिक अ‍ॅसिडवाले विक्रेते येतील, 'लिंबाचं अ‍ॅसिड, एकदम सुरक्षित' म्हणत. सायट्रिक पॅसिव्हेशनला (गंजरोधक थर पक्का करायला) छान. पृष्ठभागावर चिकटलेलं मोकळं लोखंड काढतं. जळका पट्टा काढणं त्याचं काम नाही. पिकलिंग आणि पॅसिव्हेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विक्रेते मुद्दाम गोंधळ घालतात.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पट्टा कमी पडू द्या. पाइपात आतून आर्गन नीट भरा, घाई करू नका, जोड थंड होईपर्यंत गॅस चालू ठेवा. पोरं गॅस वाचवायला आधीच बंद करतात आणि मग त्या वाचवलेल्या गॅसच्या दुप्पट पेस्ट लागते. दुसरं, विजेवर चालणारं जोड साफ करायचं मशीन येतं, कार्बन तंतूंचा ब्रश आणि फॉस्फरिक अ‍ॅसिडचं द्रावण. पट्टा जातो, हायड्रोफ्लोरिक नाही. फॉस्फरिक हेही अ‍ॅसिडच, मोजे आणि चष्मा लागतोच, पण रात्री दोनला कोणी दारात येत नाही. मशीन महाग पडतं, लांब जोडांना वेळही जास्त लागतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलं. आतल्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही तिथे अजून पेस्टच वापरतो, खोटं कशाला बोलू.

वजनकाटा

धातूचा विषय निघालाच आहे तर फॅब्रिकेशनवाल्यांनी हे वाचावं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रिफायनरीत २१ जून २०१९ ला स्फोट झाला. पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणाऱ्या युनिटमध्ये हायड्रोफ्लोरिक उत्प्रेरक म्हणून वापरत होते. फुटला काय, तर एक एल्बो (पाइपाचा वळणाचा तुकडा), १९७०च्या दशकात बसवलेला. त्या एल्बोच्या पोलादात निकेल आणि तांबं जास्त होतं, म्हणून तो शेजारच्या पाइपापेक्षा कितीतरी वेगाने झिजला. जाडी मोजायचे, पण नेमक्या त्याच तुकड्याची मोजत नव्हते. दोन टनांहून जास्त अ‍ॅसिड बाहेर पडलं, त्यातलं सुमारे दीड टन हवेत गेलं. नियंत्रण कक्षातल्या माणसाने आग लागल्यावर मिनिटभराच्या आत उरलेलं बहुतेक अ‍ॅसिड आणीबाणीच्या टाकीत वळवायचं बटण दाबलं, म्हणून शहर वाचलं.

'कोणतं मटेरियल टाकलं, सर्टिफिकेट आहे का' असं पार्टीने विचारलं की आपण वैतागतो ना, त्याची आठवण झाली.

नांदेसरीतला

जोडकाम भाऊ, हे पटलं. मी बंद करू नका म्हणालो ते एवढ्यासाठीच की पर्याय न सांगता नुसतं भीती घालतात. बाकी काल रात्री माझ्या शेडमधला डबा बघितला. तारीख दोन वर्षांपूर्वीची, झाकण पोरांनी चिकटपट्टीने बांधलेलं. आणि मोजे... जाऊ दे.

धुतलेलं पाणी तुम्ही लोक कुठे सोडता?

सुरसागर

हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. गटारात नाही! चुना कालवलेल्या पाण्यात घ्या. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडतं, पांढरा गाळ खाली बसतो. तो गाळ म्हणजे पुन्हा कॅल्शियम फ्लोराइडच. खडकाळांच्या आईचा शाळिग्राम, भुकटीच्या रूपात. आंबाडुंगरातून निघालेला गडी एवढा फिरून परत दगड होतो. नायट्रिक आणि स्टीलमधून आलेलं क्रोमियम, निकेलही त्यात असतं, म्हणून गाळसुद्धा कचऱ्यात टाकायचा नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. इथून खंभातच्या आखातापर्यंत पन्नासहून जास्त किलोमीटरचा सांडपाण्याचा कालवा आहे म्हणून आपण काहीही सोडायला मोकळे, असं नाही.

चुना ओतताना सावकाश, तापतं आणि उडतं. आणि कातडीवर चुना लावू नका, इथे वाचून कोणीतरी लावेल.

गिरगावचा गण्या

मी तेच विचारणार होतो. पानाच्या डब्यातला चालेल का म्हणून.

संपादक मंडळ

धागा उत्तम चालला आहे. सेक्रेटरी, पान आणि महाराजांवरचे काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. वैद्यकीय माहिती प्रथमोपचारापुरती समजावी, तातडीने इस्पितळ गाठावे.

मकरपुऱ्याचा मिस्त्री

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत नाही, दोन वेळा लिहिलेलं उडालं.

पोरगा बरा आहे. नख येतंय, जरा वाकडं. सोमवारपासून कामावर आला, पण ब्रशला हात लावायला तयार नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याला आर्गनच्या बाटल्यांवर लावलंय, जोडकामांनी लिहिलं तसं, जोड थंड होईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. तीन दिवसांत पट्ट्याचा रंग निळ्यावरून फिकट सोनेरीवर आलाय. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, की मीच ऐकलं नव्हतं कोण जाणे.

मशीनचं डेमो पुढच्या गुरुवारी आहे. मेव्हणा किंमत ऐकून दोन तास माझ्याशी बोलला नाही. तोपर्यंत पेस्ट आहे, पण कुलपात. किल्ली माझ्याकडे, लावायची तर जाड निओप्रीनचे मोजे, तोंडावर ढाल, आणि मी समोर उभा. डेअरीची टाकी चार दिवस उशिरा जाईल, पार्टीला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "अमारे त्यां पण ए ज डब्बो छे," आणि गप्प झाला.

जेल तीन औषधांच्या दुकानांत मिळालं नाही, चौथ्याने मागवून दिलं. फ्रिजमध्ये ताकाच्या पिशवीशेजारी ठेवलंय. पोरांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ट्यूबवर पट्टी चिकटवून गुजरातीत लिहिलं: 'आंगळी बळे तो आ लगाडजो'.

दवापाणी

छान. फक्त 'बळे तो' नको. जळायची वाट बघतील. 'सफेदो अडे तो तरत' (सफेदो लागला की लगेच) लिहा, आणि आधी पाणी. एक ट्यूब पोरांना घरी न्यायलाही द्या, दुखणं रात्रीच सुरू होतं.

नांदेसरीतला

औषधवाल्याचं दुकान कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मला दोन हव्यात.

सौ. शेवउसळ

आणि 'लगाडजो' नका लिहू मिस्त्री. आमच्याकडे 'आग लगाडजो' पण म्हणतात. 'चोपडजो' लिहा.

तिरकस

ताकाच्या पिशवीवर पण नाव लिहा.